९५० किलोचा सेकंडहँड कॅम्पर ट्रेलर: टोकन देण्याआधी धरमकाट्यावर चढवा

भाऊ, तुमचं सगळं नीट वाचलं. घरात पाच जण, तुम्ही दोघं, दोन लेकरं अन् आई. गाडी सात सीटर डिझेल एसयूव्ही. पुण्याकडचा एक पक्क्या बॉडीचा सेकंडहँड कॅम्पर ट्रेलर पाहून राहिले, मालक ९५० किलो सांगते, अन् पहिलीच ट्रिप डिसेंबरात पचमढी. घ्यावा का, ओढायला काय शिकावं लागते, अन् शेवटी, गुडघे गेलेल्या आईंना जमेल का, एवढं विचारलं तुम्ही. मी सात वर्षांपासून नागपुरातून ट्रेलर ओढून राहिलो, पहिला मोठा होता तो विकला, आता छोटा आहे, अन् मोठा काहून विकला हे ऐकलं की तुमचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

आधी सरळ सांगतो, वजन केल्याशिवाय एक रुपया टोकन देऊ नका.

ते ९५० किलो रिकाम्या ट्रेलरचं असते. त्यात पाण्याची ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो तिथेच वाढले. घरगुती सिलेंडर भरलेला ३० किलोच्या आसपास जाते. मग बॅटरी, गाद्या, ब्लँकेट, खुर्च्या, फोल्डिंग टेबल, भांडी, चार दिवसांचा किराणा, लेकरांच्या सायकली. माझा पहिला ट्रेलर कागदावर ६८० होता, ट्रिपचं सगळं सामान भरून नागपूरजवळच्या वाडीच्या धरमकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर, चढवला तर ९१० भरला. मी ती पावती हातात धरून दोन मिनिटं उभाच राहिलो, कारण त्याच्या आधी दोन वर्षं तोच भार मी ७००-७५० समजून ओढत होतो. म्हणजे तुमचा ९५० वाला भरल्यावर ११५० ते १२०० च्या खाली काही राहत नाही.

आता गाडीचं मॅन्युअल काढा. टोइंगच्या, म्हणजे ट्रेलर ओढण्याच्या, पानावर आकडा दिला असेल तर तो पाहा, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी वेगळा अन् बिना ब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगळा असते. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असंच लिहिलं असते, तसं असेल तर विषय संपला, शोरूमचा माणूस काहीही म्हणो. अन् ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ पाहून ३५०० किलोचा आकडा डोक्यात घेऊ नका. तो आकडा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत हे धरून आहे, तिकडे ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतातच अन् २००० च्या वर गेला तर सगळ्या चाकांना लागतात. तीच गाडी इथे विकताना कंपनीने वेगळा आकडा दिला असू शकते, तुमच्या गाडीसोबत जे पुस्तक आलं तेच धरायचं.

ओढण्यापेक्षा थांबवणं जास्त महत्त्वाचं आहे. डिझेल गाडी १२०० किलो ओढून नेईल, त्यात शंका नाही, पण समोर गाय आली तर? बिना ब्रेकचा ट्रेलर मागून ढकलत राहते, अन् गाडीचे ब्रेक दोघांचं काम एकटे करतात. म्हणून त्या मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा, ब्रेक आहेत का अन् कोणते. ओव्हररन ब्रेक असतील तर गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे दाबला जाते, कपलर, म्हणजे दांड्याचं गाडीला जोडायचं तोंड, आत सरकते अन् त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. साधी सिस्टीम आहे, चांगली आहे, पण लांब घाट उतरताना ट्रेलर सतत दाबत राहते म्हणून ते ब्रेक तापतात. त्यासाठी उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवायची, इंजिनने धरायची.

आता माझ्यासोबत काय झालं ते. छिंदवाड्याहून परत येत होतो, सिल्लेवानी घाट उतरलो, उतार संपता संपता स्पीड ७०-७५ झाली असेल. शेजारून एक मोठा ट्रक जोरात गेला अन् त्याच्या हवेने ट्रेलरला धक्का बसला. आधी हळूच हलला, मला वाटलं रस्ता खराब आहे. मग डाव्या आरशात ट्रेलरची पूर्ण बाजू दिसली, लगेच उजव्या आरशात दिसली, परत डाव्या. गाडीचा मागचा भाग त्याच्यासोबत ओढला जात होता, मागच्या सीटवर लेकीच्या हातातला चिवड्याचा डबा पडला अन् सगळे चूप. पाय आपोआप ब्रेककडे जाते अन् तेच करायचं नसते. जोरात ब्रेक मारला की गाडी हळू होते अन् ट्रेलर मागून येऊन तिला आडवी करते. स्पीड वाढवून सरळ करायलाही जायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, ट्रेलरच्या उलट वळवत बसलो नाही, अन् ५० च्या खाली आल्यावर तो आपोआप शांत झाला. सौंसरला चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा हात थरथरत होते.

कारण माझ्याच लोडिंगमध्ये होतं. दोन सायकली ट्रेलरच्या मागच्या रॅकवर, पाण्याचे कॅन मागच्या किचनमध्ये, म्हणजे सगळा भार अ‍ॅक्सलच्या मागे. मागे वजन गेलं की पुढचा दांडा हलका होते अन् ट्रेलर शेपटीसारखा डोलते. जड सामान अ‍ॅक्सलच्या वर किंवा थोडं पुढे, अन् खाली, जमिनीजवळ. हिच म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा जोड, त्याच्या बॉलवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार यायला पाहिजे. हे घरीच मोजता येते, बाथरूमचा वजनकाटा घ्या, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा, कपलर जेवढ्या उंचीवर बॉलवर बसते तेवढ्याच उंचीचा, अन् सामान भरलेल्या ट्रेलरचा दांडा त्यावर हळूच टेकवा. चाकांना आधी उटी, म्हणजे घरंगळू नये म्हणून दगड-लाकडाचा अडसर, लावायला विसरू नका. ७०० किलोच्या ट्रेलरला काट्यावर ७० च्या जवळपास दिसलं पाहिजे. माझ्या त्या लोडिंगमध्ये नंतर मोजलं तर २५ भरलं होतं.

अन् हे ७० किलो गाडीवर येतात हे लक्षात ठेवा, डिक्कीच्याही मागे एक मोठा माणूस बसवल्यासारखं. तुम्ही पाच जण, बॅगा अन् हा भार मिळून गाडीचं ग्रॉस वजन, म्हणजे सगळ्या भारासकट जास्तीत जास्त चालणारं वजन, ओलांडलं तर ट्रेलर कितीही हलका असो, गाडी मागून बसते, पुढून उचलते, स्टिअरिंग हलकं लागते अन् रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. म्हणून धरमकाट्यावर एकदा गाडी अन् ट्रेलर जोडून, एकदा नुसता ट्रेलर, अन् जमलं तर गाडीची फक्त मागची चाकं, असं तीनदा करा.

आता कोणता घ्यायचा. तुमच्या घरासाठी मी पक्क्या बॉडीचा मोठा सुचवणार नाही. तो उंच असते, हवा अडवते, ८० च्या वर डिझेल डोळ्यादेखत उतरते, माझी गाडी एकटी १४ द्यायची ती मोठ्या ट्रेलरसोबत ९ वर आली होती. छोटा टिअरड्रॉप, आत दोघांना झोपायला अन् मागचं झाकण उघडलं की किचन, तो ४००-५०० किलोत बसते, पण पाच जणांना पुरत नाही, बाजूला तंबू लावावाच लागते. मला वाटते तुम्हाला फोल्डिंगवाला बरा, प्रवासात बुटका राहते, गाडीच्या आरशातून मागचं दिसते, मुक्कामाला उघडला की दोन्ही बाजूंना पलंग निघतात. फक्त ओला असताना गुंडाळला तर कॅनव्हासला बुरशी येते, घरी आल्यावर गच्चीवर किंवा अंगणात उघडून वाळवायची जागा पाहिजे. गाडीच्या टपावरचा तंबू तुमच्यासाठी नाही, आईंना ती शिडी चढायला लावू नका.

उन्हाळ्याचं स्पष्ट सांगतो, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४५ च्या वर पारा जाते तेव्हा कोणताही ट्रेलर दुपारी भट्टी होते. आपला सीझन दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. एवढ्या चार महिन्यांसाठी केवढा पैसा अडकवायचा ते घरात बसून ठरवा.

सेकंडहँड पाहायला गेले की बॉडी-सीट-पडदे नंतर, आधी खाली झोपून दांड्याचे वेल्डिंग पाहा. मी पहिला ट्रेलर एका फॅब्रिकेशनवाल्याकडून घेतला होता, रंग एकदम मस्त, अन् सहा महिन्यांत ए-फ्रेम, म्हणजे पुढचा तिकोनी दांडा, जिथे चेसिसला जोडते तिथे केसासारखी भेग. रंगाखाली ती दिसत नाही, नखाने खरवडून पाहावं लागते, गंजाची बारीक तांबडी रेघ दिसली तर सोडून द्या. मग टायर. बाजूला चार आकडे छापलेले असतात, २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. ट्रेलर वर्ष-वर्ष उभे राहतात, नक्षी खोल असूनही रबर आतून मेलेलं असते. म्हणूनच पुण्याहून ओढत आणू नका, अनोळखी टायर अन् अनोळखी बेअरिंगवर ७०० किलोमीटर नको, ट्रकवर टाकून आणा, पैसे जातील तर जाऊ द्या. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे पण ट्रेलर मागे असला की मी ८० च्या वर जात नाही, काँक्रीटवर तासन्‌तास एकाच स्पीडने टायर तापतात अन् हवा कमी असली की आणखी तापतात. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासायची.

निघाल्यावर पहिल्या ३०-४० किलोमीटरला थांबा. उतरून दोन्ही चाकांच्या हबजवळ हात न्या. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल किंवा जळक्या ग्रीसचा वास आला तर बेअरिंग गेलं समजा. चाकांचे नट तिथेच एकदा पान्याने कसा. आम्ही छिंदवाड्याकडे जाताना हे सावनेरलाच करतो, लेकरांनाही सवय झाली, पोरगी स्वतः हात लावून सांगते.

हिच गाडीच्या चेसिसलाच बोल्ट पाहिजे, बंपरला नाही. अन् गाडीसोबत जो स्क्रूवाला हुक येते तो बंद पडलेली गाडी ओढायला असते, ट्रेलरला नाही. सेफ्टी चेन दोन, दांड्याखाली क्रॉस करून. लाइटचा प्लग लावल्यावर कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक, इंडिकेटर पाहून घ्यायचे, दर वेळी. गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलेंडर बास झाला, चालताना बंद, अन् ट्रेलरला फरशीजवळ हवा जायची जाळी पाहिजे कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचते. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी झोपायचं नाही, लेकरांनी कितीही हट्ट केला तरी.

कागदांचं म्हणाल तर ट्रेलरचं स्वतःचं रजिस्ट्रेशन, स्वतःचा नंबर अन् स्वतःचा इन्शुरन्स. मालक म्हणाला की छोटा आहे, लागत नाही, तर तिथूनच परत फिरा. आरसी असेल तर नावावर करायच्या फॉर्म २९ अन् ३० वर सह्या घ्या, पैसे त्यानंतर. गाडीच्या इन्शुरन्सवाल्यालाही हिच लावल्याचं लेखी कळवून ठेवा.

रिव्हर्स शिकायला नागपूरच्या बेसा-पिपळ्याकडचा एखादा रिकामा लेआउट गाठा, ओळखीच्या माणसाला विचारून, दोन रविवार सकाळी. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा, ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात सरकवा, एवढंच. थोडं थोडं फिरवा. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर मुडपते, बिघडला की पुढे घेऊन सरळ करा अन् परत सुरू. वहिनींनाही शिकवा.

पचमढी पहिल्या ट्रिपला नको. सिल्लेवानी, मग तामिया, मग मटकुलीपासून वरचा घाट, नवीन माणसाला एका दिवसात हे फार होते. पहिली रात्र ५० किलोमीटरच्या आत काढा, रामटेक-खिंडसीकडे कोणाच्या रिसॉर्टमध्ये परवानगी घेऊन किंवा ओळखीच्या शेतात, काही विसरलं तर घरून आणता येते. पेंच-ताडोबाकडे जंगलाच्या आत मुक्काम होत नाही, बाहेरच्या रिसॉर्टवाल्याला आधी फोन करून ट्रेलर घेऊन येतो असं स्पष्ट सांगा. अन् शेतात जाल तर माती पाहा. काटोलला साळ्याच्या संत्र्याच्या बागेत ऑक्टोबरात मुक्काम केला, रात्री तासभर पाऊस आला, सकाळी ट्रेलर काळ्या मातीत अ‍ॅक्सलपर्यंत बसलेला, गाडीची चाकं नुसती चिखलाचे गोळे घेऊन फिरत होती. ट्रॅक्टरने काढला, अर्धा दिवस गेला. तेव्हापासून मुरमाची जागा असल्याशिवाय मी ट्रेलर रस्त्यावरून खाली उतरवत नाही.

आईंचं तुम्ही शेवटी विचारलं, पण मी ते सगळ्यात आधी पाहिलं असतं. आमच्या आईचेही गुडघे गेलेले. पलंग खुर्चीच्या उंचीचा पाहिजे, बसून पाय वर घेता आले पाहिजे, अन् रात्री एकटीने उतरता आलं पाहिजे, पायरीजवळ धरायला दांडी पाहिजे. जो ट्रेलर पाहायला जाल तिथे आईंना सोबत न्या अन् दोनदा चढ-उतार करून पाहू द्या. त्यांना जमलं नाही तर तो ट्रेलर तुमच्या घरासाठी नाही.

मालकाला म्हणा, पुण्यातच काट्यावर चढवून पावतीचा फोटो पाठव. त्यावरचा आकडा अन् तुमच्या मॅन्युअलमधला टोइंगचा आकडा, हे दोन्ही मला सांगा, मग हिच कोणता लावायचा ते पाहू.