मुलगी १५ वर्षांची, ॲनोरेक्सिया निघालाय, म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणंच तोडायचा आजार. डॉक्टर म्हणतात आई-बापांनीच समोर बसून जेवायला घाला. ही जबरदस्ती नाही का?

आहे. करा.

आम्ही निपाणीचे. लेकीने दहावीत आधी गोड सोडलं, मग भात, मग "मैत्रिणीकडे खाऊन आले" सुरू झालं. पाळी बंद झाली तरी आमच्या थोरल्या जाऊबाईंचं एकच, "भूक लागली की खाईल. तूच लाडावलीस." समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं, पोरीला मोकळं बोलू द्या म्हणून. ती आत बोलत होती आणि वजन उतरतच होतं.

धारवाडच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, कारणं नंतर शोधू, आधी ताट. ही पद्धत लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलातली, १९८०च्या दशकातली. काय आणि किती खायचं ते सुरुवातीला आई-बाप ठरवतात. वजन सावरलं की कारभार हळूहळू मुलीकडे. २०१० साली अमेरिकेत तुलना केली, तेव्हा उपचार संपून वर्षाने या पद्धतीतली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, एकट्याने समुपदेशन घेतलेली २३ टक्के. जाऊबाईंना दाखवलं. "तिकडचं इकडे चालत नाही."

वाढायची मी, समोर बसायचे हे, वखार सोडून. पोरगी भाकरीचा पापुद्रा ओढणीत सरकवायची, आमटीवरचं तूप बोटाने टिपून ताटाखाली पुसायची. हे ओरडायचे नाहीत. "खा बाळ, मी उठत नाही", एवढंच. एकदा चहाची वेळ झाली, तूप थिजलं, तरी दोघं तिथंच. शेवटी तिने ताट भिरकावलं, आमटी यांच्या सदऱ्यावर. मी दुसरं ताट वाढलं. दाराआडून जाऊबाई, "छळतायत पोरीला!"

उपाशी डोक्याला पटवून काही होत नसतं हो. आता ती हुबळीला शिकते, आपलं आपण वाढून घेते.

हां, एक राहिलं. फार दिवस उपाशी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम भरपूर घालू नका, रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेततं. नाडी ५०च्या खाली गेली किंवा चक्कर येऊन पडली, तर आधी ॲडमिट करा. आणि घरात मारहाण असेल तर हे तिथे नकोच. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट.

"आईनेच बिघडवलं" म्हणणारं कुणी तुमच्याही घरात असेलच. त्यांना एक दुपार त्या ताटासमोर बसायला सांगा. आमच्या जाऊबाई अजून यायच्या आहेत.