नेपाळमध्ये शाळा बांधतो, कोल्हापुरात निवडणूक लढवायची आहे. प्रचारात शाळेचं काम सांगू का?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं भागात काम करताय, मित्रांना घेऊन नेपाळमधल्या एका डोंगरातल्या शाळेसाठी पैसे उभे करताय आणि पुढच्या वेळी महापालिकेला उभं राहायचं मनात आहे. शाळेचे फोटो पत्रकावर घ्यावेत की नाही यावरून मंडळात दोन तट पडलेत. शिवाय "इथलं सोडून तिकडं कशाला?" असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, हाही प्रश्न आहे.

मी यातून गेले आहे, म्हणून लिहिते. फोटो छापू नका. कुणी विचारलं तर शाळेचं काम लपवूही नका. पण ते मत मागायला वापरू नका. असं का म्हणते ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला तो शनिवार होता. तिकडं आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. सकाळचे ११ वाजून ५६ मिनिटं झालेली, म्हणजे एरवी शाळा भरलेली असायची वेळ. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण त्या रिकाम्या होत्या म्हणून मुलं वाचली. तरीही जवळजवळ ९००० माणसं गेली. त्यातली सगळ्यात जास्त सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, आणि आमच्या पेठेत रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारे गुरखा दाजू (नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ) त्याच जिल्ह्यातले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी पैसे मागायला येणारा हा माणूस त्या मे महिन्यात आलाच नाही. मग आम्हीच त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांच्या गावाशी फोन लागत नव्हता. आईचा पत्ता लागायला अकरा दिवस गेले.

मंडळानं चौकात टेबल टाकून पैसे गोळा केले आणि पहिल्याच बैठकीत आमच्या सीएनं हात वर केले. धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर खर्च केलेल्या पैशाला आयकरात सूट मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. तुमच्या ट्रस्टचं काय चाललंय मला माहीत नाही, पण पैसा ट्रस्टच्या खात्यातून जात असेल तर आधी हे तपासून घ्या. आम्ही गोळा झालेले पैसे ज्याचे त्याला परत केले. मग ज्यांना द्यायचे होते त्यांनी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर, तिथल्या नोंदणीकृत संस्थेला बँकेतून पाठवले. रक्कम निम्म्यावर आली. पण पुढं निवडणुकीत कुणी हिशोब विचारला तेव्हा माझी मान खाली गेली नाही, ती यामुळं.

आमच्याकडं पैशापेक्षा मोठी गोष्ट होती ती म्हणजे एक काका. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. १९९३ ला किल्लारीच्या पुनर्वसनावर होते. किल्लारी आपल्यातल्या पन्नाशीच्या माणसांना अजून आठवते. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराचा धक्का, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं. काका आमच्याबरोबर मुंबईहून गोरखपूर, तिथून सीमेवरचं सुनौली आणि पुढं काठमांडू असं करत गावात पोचले. पडक्या शाळेच्या उभ्या राहिलेल्या एका भिंतीत त्यांनी छत्रीचं टोक घातलं. भसाभसा माती गळली. म्हणाले, "हे किल्लारीच आहे." दगड आतल्या बाजूला वेगळे, बाहेरच्या बाजूला वेगळे, दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगडच नाही. जमीन हलली की भिंतीचं पोट फुगतं आणि दोन्ही थर दोन दिशांना पडतात. नवीन इमारतीत जोत्याला, खिडकीखाली आणि दार-खिडकीच्या वर लिंटेलला काँक्रीटचा पट्टा चारी बाजूंनी सलग हवा, आणि वर हलका पत्रा. तो पट्टा कोपऱ्यात तुटू द्यायचा नाही यासाठी काका तिथल्या मिस्त्रीशी दोन दिवस भांडले. एकाला नेपाळी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. सळईच्या तुकड्यावर भांडण झालं आणि तुकड्यावरच मिटलं.

पण मी तिथून जे घेऊन आले ते बांधकाम नव्हतं. तिथं शाळेची व्यवस्थापन समिती पालकांची असते. काम सुरू झाल्यावर त्यांनी "सार्वजनिक परीक्षण" ठेवलं. म्हणजे गाव अंगणात बसतं आणि किती पोती सिमेंट आलं, किती लागलं, भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० कसे धरले, सगळं मोठ्यानं वाचलं जातं. एक आजी उठून म्हणाली की वाळूची एक खेप कमी आहे. शोधलं, तर खरंच कमी होती. ती खेप रस्त्यात दुसऱ्याच्या अंगणात उतरली होती. कुणी कुणाला चोर म्हटलं नाही, वाळू परत आली, एवढंच.

आता निवडणुकीकडं येते. त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, महापालिकेचं मतदान होतं. आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि मंडळातली सगळी माझ्याकडं बघायला लागली. पाण्याच्या मोर्चात आणि टोलविरोधी आंदोलनात मी होते, लोक ओळखत होते. सप्टेंबरच्या शेवटी सीमेवर नाकाबंदी झाली, नेपाळात ट्रक जाईनात, सिमेंट नाही, डिझेल नाही. शाळेचं काम जोत्यावर थांबलेलं आणि इकडं माझा अर्ज भरायची गडबड. दिवसा पदयात्रा, रात्री तिकडं फोन.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे आले. मला न विचारता आमच्यातल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी त्यावर फोटो टाकला होता. मी आणि तिथली एक सात-आठ वर्षांची मुलगी, अनवाणी, धुळीत उभी. खाली लिहिलेलं, "हिला शाळा दिली, तुम्हालाही देऊ." मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही, हे मी आज कबूल करते. उलट बरं वाटलं. निम्मे गठ्ठे त्याच संध्याकाळी वाटून झाले.

रात्री दाजू आले. हातात ते पत्रक. मुलगी त्यांच्या बहिणीची. ते चिडले नव्हते, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "दीदी, हिच्याकडं चपला आहेत. वर्गात जाताना बाहेर काढतात. त्या इथं होत्या," आणि जिथं फोटो कापला होता त्या कडेवर बोट ठेवलं. मूळ फोटो माझ्या फोनमध्ये होता. उघडून बघितला. दारापाशी चपलांची ओळ होती, त्यातली एक जोडी तिची. ती धुळीत उभी नव्हती, तात्पुरत्या वर्गाच्या उंबऱ्याशी उभी होती. आम्ही कात्री चालवून तिला गरीब केलं होतं, आणि तिच्या मामाच्या गल्लीत वाटलं होतं.

उरलेली पत्रकं मी थांबवली. कार्यकर्ते नाराज झाले, एकानं तर शेवटच्या आठवड्यात यायचंच सोडलं. वाटलेली परत गोळा करणं शक्य नव्हतं. मी हरले, तिसऱ्या नंबरवर. त्याचं खापर या पत्रकावर फोडत नाही. आम्ही दोनच महिने आधी सुरुवात केली होती, ज्या बाई निवडून आल्या त्यांच्या घरातले दहा वर्षं लोकांच्या दवाखान्यात, लग्नात, मयतीला उभे होते. बूथवर माझी माणसं कमी पडली. मतदार यादी हातात घेऊन कोण गाव सोडून गेलंय, कोण पुण्याला नोकरीला आहे, हे घराघरात विचारून ठेवावं लागतं, ते आम्ही केलं नाही. तुमची अडचण याहून मोठी असेल. तेव्हा ८१ प्रभागांतून एकेकच निवडून यायचा. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत जागा ८१च, पण प्रभाग २०. एकेका प्रभागात चार, एका ठिकाणी पाच नगरसेवक. एका गल्लीतल्या ओळखीवर तो प्रभाग निघत नाही. पुढच्या वेळी रचना हीच राहिली तर तुम्हाला आणखी तिघांबरोबर फिरावं लागेल, आणि त्या तिघांच्या पत्रकावर तुमच्या शाळेचा फोटो काय मजकुराखाली जाईल यावर तुमचा ताबा नसेल. फोटो नकोच म्हणते त्यामागं हेही एक कारण आहे.

पैशाचं एक सांगते, ते हलकं घेऊ नका. परकीय योगदान विनियमन कायदा, ज्याला आपण एफसीआरए म्हणतो, त्यात निवडणुकीचा उमेदवार आणि निवडून आलेला सदस्य या दोघांना परदेशी पैसा घ्यायला मनाई आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत महापालिका आणि पंचायतसुद्धा येतात. समजा, अमेरिकेतला तुमचा मावसभाऊ पैसे देतोय. तो भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याच्या पगारातला पैसा परदेशी धरत नाहीत. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात. म्हणून अर्ज भरायच्या आधी शाळेच्या कामातली पदं सोडा, सह्यांचे अधिकार दुसऱ्याकडं द्या, आणि ते लेखी ठेवा. निवडणुकीचं बँक खातं वेगळं काढावंच लागतं, त्यात शाळेचा एक रुपया येता कामा नये, उसना म्हणूनही नाही. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. तो दिला नाही तर ३ वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, हरलेल्यालासुद्धा. हरल्यावर माणूस घरात बसतो आणि नेमकं हेच राहून जातं. मी माझा हिशोब दिला आणि तोच कागद तालमीच्या फळ्यावरही लावला, त्या सिंधुपाल्चोकच्या अंगणाची आठवण ठेवून. वडापावाच्या बिलावरून दोघांनी प्रश्न विचारले. चांगलं वाटलं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. मला तो एका काकींनी कोपरा सभेत विचारला होता, सगळ्यांसमोर: "तिकडं शाळा बांधायलाईस व्हय? आणि आमच्या पोरांच्या शाळंचा पत्रा गळतोय, त्याचं काय?" मी तेव्हा शाहू महाराजांचं नाव घेतलं. १९१७ ला त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरगं शाळेत न पाठवणाऱ्याला दंड लावला, जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, शिक्षणाला हद्द नसते, वगैरे. टाळ्या पडल्या. काकी मात्र तशाच उभ्या होत्या. त्यांनी पत्र्याबद्दल विचारलं होतं आणि मी महाराजांच्या आड जाऊन उभी राहिले. महाराज असते तर आधी पत्रा बघायला गेले असते.

निकालानंतर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, कुठल्या वर्गाचा पत्रा? त्यांनी नातवाला बरोबर दिलं, त्यानं तीन वर्ग दाखवले. शिक्षण हक्क कायद्यानं इथंही शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्या शाळेची समिती होती, पण फक्त सह्यांपुरती. आम्ही पालकांना घेऊन बसलो, आधी गळतीचा नकाशा काढला, मग अर्ज, मग त्या अर्जाच्या मागं फेऱ्या. काका छत्री घेऊन इथंही आले. त्यांनी वर चढून बघितलं तर पत्र्यापेक्षा खिळ्यांची भोकं आणि कुजलेले वासे हाच मोठा दोष होता, म्हणजे खर्च आम्हाला वाटला त्याच्या निम्मा. आलेल्या सामानाची यादी शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचा नियम काकींनी लावला आणि पुसली गेली की त्या स्वतः परत लिहायच्या.

नेपाळातली शाळा २०१७ च्या पावसाळ्याआधी पुरी झाली. तिच्या पाटीवर वर्ष आहे आणि समितीचं नाव आहे, देणाऱ्यांपैकी कुणाचंच नाही. दाजूंच्या भाचीचा नवा फोटो माझ्याकडं आला, तो मी कुणाला दाखवलेला नाही.

इकडच्या शाळेतून २०१६ च्या जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस झाला त्या दुपारी, काकींचा फोन आला होता. दोन वर्ग कोरडे होते, तिसऱ्यात कोपऱ्यात अजून बादली ठेवावी लागत होती. तो तिसरा वर्ग पुढच्या उन्हाळ्यात झाला.