सोलापुरात आम्ही चौघं एकदम नवीन, टेबलटॉप रोलप्लेसाठी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायची) कुठली सिस्टीम, म्हणजे कुठले नियम घेऊ?

सरळ 'कॉल ऑफ कथुलू' हा भयकथांचा खेळ घ्या, माझी सगळ्यात आवडती तीच. सगळं टक्क्यांत चालतं, तुमच्या पात्राच्या शीटवर 'लपणे ४५' लिहिलंय ना, मग दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा, ४५ किंवा खाली आलं की जमलं, नवीन माणसालाही लगेच कळतं. मी आमच्या ग्रुपला खेळवतो, गोष्ट भुईकोट किल्ल्यात घडवली होती, खंदकाकडून आवाज आला, फाशावर नेमके ४६ पडले आणि टेबलावर सगळे गप्पच झाले बघा. क्विक-स्टार्ट नियमांची पीडीएफ फुकट मिळते. फक्त एक, यात पात्रं लवकर मरतात नाहीतर वेडी होतात, तलवारी घेऊन मारामारीच पाहिजे असेल तर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बरं.