२००२ च्या होंडा सिटी व्हीटेकमधला पेट्रोलच्या वाफेचा कॅनिस्टर काढला तर पिकअप वाढेल का?

काढू नका. पिकअप काडीचीही वाढणार नाही, आणि ज्या वासाने तुम्ही हैराण झाला आहात तो मात्र नक्की वाढेल.

तुम्ही लिहिलंय की गाडी बडोद्याच्या कारेलीबागेत घराखालच्या शटरबंद पार्किंगमध्ये असते, मार्च संपल्यापासून सकाळी शटर उघडलं की पेट्रोलचा भपकारा येतो, आणि गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. मिस्त्रीने दोन्ही दुखण्यांवर एकच औषध सांगितलं: बॉनेटखालचा काळा डबा काढू, नळ्यांना बूच मारू, गाडी हलकी आणि मोकळी होईल. मी बडोद्यातच जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम करतो आणि हा सल्ला दर उन्हाळ्यात माझ्या कानावर येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या डब्यात, म्हणजेच कॅनिस्टरमध्ये, सक्रिय कोळशाचे दाणे असतात. गाडी उभी असताना टाकीतलं पेट्रोल तापतं, त्याची वाफ होते, ती नळीने या डब्यात येते आणि कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन गरम होऊन गाडी चालू लागली की पर्ज सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा छोटा व्हॉल्व्ह, उघडतो. मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातला) व्हॅक्यूम डब्यातून ताजी हवा ओढतो, त्या हवेबरोबर वाफ इंजिनात जाते आणि जळते. यालाच पर्ज म्हणतात. म्हणजे तुम्ही पैसे देऊन भरलेलं पेट्रोलच परत कामाला येतं. कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि बाकीच्या अमेरिकेत १९७१ पासून ही व्यवस्था सक्तीची आहे. जास्त ताकदीच्या गाड्याही तेव्हापासून ती घेऊनच धावताहेत.

आता ताकदीचं गणित. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल (हवेची झडप) उघडा असतो आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ उरतच नाही. व्हॅक्यूम नाही तर पर्जही नाही. ज्या क्षणी तुम्हाला ताकद हवी असते, नेमक्या त्याच क्षणी हा डबा इंजिनापासून अलिप्त असतो. वजन म्हणाल तर एक-दोन किलो. टाकीत दहा लिटर पेट्रोल कमी ठेवलंत तर साडेसात किलो वाचतात, तेही एकही नट न खोलता.

नळ्यांना बूच मारण्याबद्दल मात्र मला खरंच काळजी वाटते. टाकीला श्वास लागतो. पेट्रोल खर्च होईल तशी तेवढी हवा आत यायला हवी. वाट बंद असेल तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो, पंपाला ताण पडतो, हायवेवर तासभर चालल्यावर गाडी मिसिंग मारायला लागते आणि झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत जाते. टाकीचा पत्रा आत दबलेला मी पाहिला आहे. उलट मे महिन्यात, पारा ४२ च्या वर असताना, गाडी उन्हात उभी राहिली की आत दाब साठतो आणि कुठलीतरी जुनी नळी किंवा झाकणाचं रबर हार मानतं. काही जण बूच न मारता नळी तशीच उघडी सोडतात. ते तुमच्या पार्किंगसाठी त्याहून वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीलगत साचते. त्या बंद जागेत इन्व्हर्टर, पाण्याची मोटर किंवा साधं लाइटचं बटण जरी असलं तरी ठिणगीची सोय झालीच. वर घर आहे तुमचं. शिवाय आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं, आणि बेंझिनमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. रोज सकाळी ते घरातल्या लहानथोरांच्या छातीत जाऊ देऊ नका.

पीयूसी तर पास होते ना, असं मिस्त्री म्हणेल. होते, कारण पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो आणि आयडलिंगवरचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतो. टाकीतून निघणारी वाफ त्याच्या यंत्राला दिसतच नाही. ती मोजायला अख्खी गाडी सीलबंद खोलीत ठेवावी लागते. भारत स्टेजच्या, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांच्या प्रदूषणाच्या मानकांत त्या पूर्ण चाचणीत मिळून २ ग्रॅमची मर्यादा आहे. दोन ग्रॅम म्हणजे चमच्याच्या तळाशी राहील एवढंच पेट्रोल. डबा काढलेली गाडी आपल्या उन्हाळ्यात ती मर्यादा सहज ओलांडेल. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करण्याबद्दल आहे. कलम १९०(२) प्रदूषणाच्या मानकांबद्दल आहे आणि त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद होण्याची तरतूद आहे. पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी फिटनेसला न्यावी लागते. तेव्हा इन्स्पेक्टरसमोर बूच मारलेल्या नळ्या घेऊन उभं राहण्यात काय हशील?

मग वास कुठून येतो? कॅनिस्टर जागेवर असताना वास येतोय, म्हणजे वाफ कॅनिस्टरपर्यंत पोचत नाहीये किंवा कॅनिस्टर भरून वाहतोय. मी या क्रमाने पाहिलं असतं.

आधी झाकण. त्याच्या रबरी रिंगवरून नख फिरवा. कडक झाली असेल, भेगा असतील किंवा एका बाजूने चपटी झाली असेल तर नवं झाकण घ्या. सगळ्यात स्वस्त काम आणि पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

मग नळ्या. टाकीवरच्या आणि कॅनिस्टरच्या नळ्या वीस वर्षांपूर्वीच्या असतील. क्लिपजवळ नळी वाकवून पाहा. वाकलेल्या भागात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या की ती गेली. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि तुमच्या गाडीच्या काळातलं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. इथे एक विनंती. बाजारात मीटरवर मिळणारी साधी व्हॅक्यूमची किंवा पाण्याची नळी लावू देऊ नका. नळीवर एसएई जे ३० आर ९ (SAE J30R9, इंधनाच्या नळीचं मानक) असं छापलेलं पाहूनच घ्या आणि क्लिपाही नव्या लावा.

यानंतर पर्ज. इंजिन पूर्ण गरम करा, कॅनिस्टरकडून सोलेनॉइडला जाणारी नळी कॅनिस्टरच्या टोकाला सोडवा आणि नळीच्या तोंडावर बोट ठेवा. हे उघड्यावर करा, पार्किंगमध्ये नाही, आणि आजूबाजूला विडी-सिगारेट कोणी पेटवता कामा नये. दुसऱ्या माणसाला ॲक्सिलरेटर दोन-अडीच हजार आरपीएमवर धरायला सांगा. बोट ओढलं गेलं पाहिजे. थंड इंजिनावर ओढ नसेल तर घाबरू नका, तेव्हा ती नसतेच. गरम इंजिनावरही ओढ नसेल तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर बिघडली आहे, नाहीतर मॅनिफोल्डकडची नळी चोंदली आहे. कोळसा भरत जातो, कधी रिकामा होत नाही आणि वाफ खालच्या तोंडातून बाहेर पडते. तुमच्या वर्णनावरून मला इथेच गडबड असावी असं वाटतं, कारण गाडी ओढत नसल्याची तक्रारही तुम्ही सोबत केली आहे. सोलेनॉइड उघडा अडकला तर आयडलिंग खालीवर होतं आणि मिश्रण बिघडतं. तेही तपासून घ्या.

डबा हातात आलाच तर हलवून पाहा. आतून वाळूसारखा खुळखुळ आवाज आला किंवा नळीतून काळे दाणे पडले तर तो फुटलाय, बदला. जुन्या सिटी अजून भंगारात निघतात, पण भंगारातला कॅनिस्टर घेताना त्याला हुंगून पाहा. ओल्या पेट्रोलचा वास येत असेल तर घेऊ नका. कोळसा एकदा पेट्रोलने चिंब झाला की पहिल्यासारखी वाफ धरत नाही. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर राउंड फिगर करायला आणखी पेट्रोल कोंबतात, त्यातूनच हे होतं. उन्हाळ्यात तर पहिल्या कटला थांबवाच.

राहिली पिकअप. १०६ हॉर्सपॉवरचं हे इंजिन वरच्या आरपीएमला खुलतं, आणि ते खुलतं ऑइलच्या दाबावर, कारण व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा त्याच दाबावर चालते. ऑइलची पातळी, ऑइलचा ग्रेड आणि व्हीटेक सोलेनॉइडखालची बारीक जाळी बघा. जाळी गाळाने भरली की व्हीटेक लागतच नाही आणि मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, या इंजिनात हाताने सेट करावे लागतात. किती लोकांनी ते वर्षानुवर्षं केलेले नसतात! प्लग, डिस्ट्रिब्युटरचं कॅप-रोटर, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). कॅनिस्टर काढायच्या मजुरीत यातली निम्मी कामं होतील.

निव्वळ ट्रॅकसाठी ठेवलेल्या, रस्त्यावर न येणाऱ्या गाडीत लोक कॅनिस्टर काढतात हे खरं. पण तिथेही टाकीला गाडी उलटली तरी पेट्रोल सांडू न देणारा रोलओव्हर व्हॉल्व्ह लावतात, श्वासाची नळी एक्झॉस्टपासून दूर गाडीबाहेर नेतात आणि मॅनिफोल्डचं तोंड नीट बंद करतात. तुमची गाडी रोज ऑफिसला जाते, रात्री घराखाली उभी राहते. तिला हे लागू नाही.

झाकण आणि नळ्या या आठवड्यात करून घ्या, तोवर शटरची खालची फट उघडी ठेवा आणि टाकी काठोकाठ भरू नका. दोन्ही बदलूनही वास राहिला तर टाकीजवळच्या टू-वे व्हॉल्व्हचा (वाफ बाहेर आणि हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) फोटो आणि पर्जच्या चाचणीत काय झालं ते इथेच लिहा, पुढचं सांगतो.