कायद्याचा सल्ला : मुलगी भारतीय, जावई परदेशी, लग्न कुठे नोंदवावे?

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत नोकरी करते. तिने तिथेच काम करणाऱ्या ब्राझीलच्या एका मुलाशी लग्न ठरवले आहे. मुलगा ख्रिस्ती असून त्याचा पूर्वी एकदा घटस्फोट झालेला आहे. दोघांचे म्हणणे असे की लग्न डेन्मार्कला जाऊन करावे. आमचे म्हणणे असे की गावात मंगलाष्टके म्हणून लग्न लावावे आणि ग्रामपंचायतीतून दाखला घ्यावा. कोणते लग्न कायदेशीर धरले जाईल? आम्हाला इथून कोणते कागद काढावे लागतील? (एक शेतकरी वडील, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी गावातल्या लग्नाविषयी लिहितो, कारण बहुतेक कुटुंबे तिथेच फसतात. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा वर आणि वधू दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. या कायद्यापुरते बौद्ध, जैन आणि शीख हेही त्यात येतात. आपले होणारे जावई ख्रिस्ती असल्यामुळे मंगलाष्टके, सप्तपदी, कन्यादान हे सगळे यथासांग पार पडले तरी त्यातून या कायद्याखालचा विवाह निर्माण होत नाही. ग्रामपंचायतीतून मिळणारा दाखला हा महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालचा असतो. तो झालेल्या लग्नाची नोंद करतो. जे लग्न मुळात कायद्यात बसत नाही, ते त्या दाखल्याने वैध होत नाही. ‘दाखल्याचे मी बघतो’ असे सांगणारा एखादा ओळखीचा माणूस प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी भेटतो, आणि तो दाखला पुढे व्हिसाच्या खिडकीवर नाकारला जातो तेव्हा तो माणूस फोन उचलत नाही.

भारतात कायदेशीर लग्न करायचेच असेल तर मार्ग विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा आहे. त्यासाठी दोघांपैकी एकाने नोटीस देण्यापूर्वी सलग किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते, नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते, आक्षेपांसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते आणि त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते. म्हणजे मुलीला किमान दोन महिन्यांची रजा हवी. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलीला ती मिळत असेल तर यवतमाळला हे लग्न होऊ शकते. मात्र नोटीस फलकावर लागली की ती गावभर होते, हेही ध्यानात असू द्यावे.

मग प्रश्न येतो की मुले जर्मनीत राहतात, तर तिथेच लग्न का करत नाहीत? जर्मन कायदा परदेशी व्यक्तीकडून तिच्या देशाने दिलेले, विवाहास अडथळा नसल्याचे प्रमाणपत्र मागतो. भारत त्यांना हव्या त्या स्वरूपाचे प्रमाणपत्र देत नाही, त्यामुळे तिथल्या वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाकडून सूट घ्यावी लागते. त्यातच भारताने १९६१ च्या हेग अपोस्टिल करारात (अपोस्टिल म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून त्यावर लावलेले अधिकृत प्रमाणन) प्रवेश केला, तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला, परंतु जर्मनीने भारताच्या या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्यामुळे भारतीय कागदावरचे अपोस्टिल जर्मनीत चालत नाही. त्याऐवजी जर्मन दूतावासामार्फत कागदांची सत्यता तपासली जाते, आणि त्या तपासणीत जन्माची नोंद जिथे आहे तिथपर्यंत चौकशी येऊ शकते. ग्रामपंचायतीचे जन्म रजिस्टर उघडून पाहिले जाईल, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहिले जाईल, एखादवेळी शेजाऱ्यांनाही विचारले जाईल. यात काही महिने सहज जातात.

डेन्मार्कचे नाव अशा जोडप्यांच्या तोंडी येते ते यामुळेच. तिथे १ जानेवारी २०१९ पासून परदेशी जोडप्यांच्या अर्जांची छाननी फामिलिएरेट्सहूसेट ही सरकारी संस्था करते. अर्ज आणि शुल्क ऑनलाइन भरले जाते. दोघांचे पासपोर्ट, डेन्मार्कमध्ये कायदेशीर प्रवेशाचा हक्क, पूर्वीचे लग्न असेल तर घटस्फोटाचा अंतिम निकाल आणि दोघांचे नाते खरे असल्याचा पुरावा, एवढे प्रामुख्याने पाहिले जाते. मुलीकडे जर्मनीचा निवास परवाना असेल तर शेंगेन नियमांनुसार (युरोपातील बऱ्याच देशांच्या सामायिक प्रवेश-नियमांनुसार) ती डेन्मार्कला थोड्या मुदतीसाठी जाऊ शकते. कागद इंग्रजी, जर्मन किंवा डॅनिश भाषेत असावेत. छाननीत अडचण नसेल तर चार महिने मुदतीचे प्रमाणपत्र मिळते आणि त्या मुदतीत कोणत्याही नगरपालिकेत तारीख घेऊन लग्न लावता येते. केवळ व्हिसासाठी दाखवलेले लग्न पकडण्यावर या संस्थेचा कटाक्ष आहे, म्हणून एकत्र राहिल्याचा भाडेकरार, प्रवासाची तिकिटे, जुने फोटो हे जपून ठेवण्यास मुलीला सांगावे. माझ्या मते आपल्या मुलांचा निर्णय व्यवहाराला धरून आहे, आणि आपण त्याला विरोध करू नये.

आता भारतातील मान्यता. ज्या देशात लग्न लागले तिथल्या कायद्याप्रमाणे ते रीतसर झाले असेल, आणि वर किंवा वधू यांपैकी कोणी आपापल्या देशाच्या कायद्याने अपात्र नसेल, तर आपली न्यायालये सामान्यतः ते मानतात. त्यावर शिक्कामोर्तब हवे असेल तर विदेशी विवाह अधिनियम, १९६९ चे कलम १७ उपयोगी पडते. किमान एक पक्ष भारतीय नागरिक असलेला विवाह परदेशात तिथल्या कायद्याने लागला असेल तर भारतीय दूतावासातील विवाह अधिकारी त्याची नोंद करू शकतो. त्यासाठी याच कायद्याच्या कलम ४ मधील अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, त्यांपैकी आपल्यासाठी महत्त्वाची अट अशी की कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात व विवाहसंबंधात नसावा. जावयांचा घटस्फोट अंतिम झाल्याचा निकाल म्हणूनच डोळ्यांत तेल घालून तपासावा. ‘वेगळे राहतो’ आणि ‘घटस्फोट झाला’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डेन्मार्कचे विवाह प्रमाणपत्र भारतात वापरायचे असल्यास त्यावर डेन्मार्कच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यावे. युरोपीय संघातील देशांत, म्हणजे जर्मनीतही, ते सामान्यतः अपोस्टिलशिवाय चालते.

गावातून काढावयाच्या कागदांत मुलीचा जन्माचा दाखला पहिला. डेन्मार्क तो मागत नाही म्हणून तो बाजूला ठेवू नये, कारण जर्मनीतील पुढच्या कामांत, विशेषतः मूल झाल्यावर, तो हमखास मागितला जातो. आपल्याकडे बारशाआधी जन्म नोंदवला जात असल्यामुळे जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते. नोंदीच्या तारखेपासून पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येते. जन्माची नोंदच झाली नसेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशाने उशिराची नोंद होते. दुसरा कागद अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र. मुलगी परदेशात राहत असल्याने ते तिने तिथल्या भारतीय दूतावासातच करणे सोयीचे. इथून पाठवलेल्या कागदाला राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, अशा दोन पायऱ्या चढाव्या लागतात. मंत्रालयाचे शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. मध्यस्थ हजारोंची भाषा बोलू लागला तर त्यातले किती सरकारचे आणि किती त्याचे हे विचारावे.

सगळ्यात जास्त कामे अडतात ती नावावरून. आपल्या भागात टी.सी. वर वडिलांचे नाव ‘वामनराव’ असते, आधार कार्डावर ‘वामन’ असते, आणि पासपोर्टवर आडनावातला ‘व’ कुठे व्ही, तर कुठे डब्ल्यू होतो. आईच्या नावाला ‘बाई’ एका कागदावर लागते, दुसऱ्यावर लागत नाही. गावात याचा कधी कोणाला त्रास होत नाही, पण डेन्मार्कमध्ये फाईल तपासणाऱ्या बाईंना वामन आणि वामनराव हे एकच गृहस्थ आहेत हे कळण्याचे काही कारण नाही. सर्व कागद टेबलावर मांडून, पासपोर्टवरील अक्षरे प्रमाण धरून प्रत्येक फरक लिहून काढावा. किरकोळ फरकासाठी ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते, मोठ्या फरकासाठी मूळ नोंदीत दुरुस्ती किंवा राजपत्रात नावबदल करून घ्यावा.

कायदेशीर लग्न एकदाच, एकाच ठिकाणी करावे. डेन्मार्कला झाल्यावर गावात हळद लावा, मांडव घाला, पंगती उठवा, पण त्या तारखेचा दुसरा विवाह दाखला काढू नका. एकाच जोडप्याच्या दोन वेगळ्या तारखा पुढे प्रत्येक अर्जात खुलासा मागतात. जावयांना पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ ये-जा करण्याची व राहण्याची मुभा देणारे कार्ड) हवे असेल तर लग्न नोंदलेले आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेले असावे लागते, आणि ती दोन वर्षे कोणत्या तारखेपासून मोजायची याबद्दल वाद नको.

प्रश्न : मी अबू धाबीला काम करतो. माझे वय २० असून फिलिपिन्सच्या २४ वर्षांच्या मुलीशी मला लग्न करायचे आहे. तिथे १८ पूर्ण असले की लग्न लागते असे मित्र सांगतात. ते खरे आहे का? (ता. आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : अबू धाबीने २०२१ मध्ये केलेल्या कायद्याने मुस्लिमेतर परदेशी लोकांना नागरी विवाहाची सोय दिली आहे आणि त्यात वयाची अट १८ आहे, इतके मित्रांचे खरे. परंतु आपण भारतीय नागरिक आहात. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे आणि त्यात मुलाचे वय २१ धरले आहे. विदेशी विवाह अधिनियमातही वराला २१ पूर्ण लागतात, त्यामुळे आताच्या लग्नाची दूतावासात नोंद होणार नाही. वर्षभर थांबावे. तोपर्यंत मुलीला तिच्या वाणिज्य दूतावासातून विवाहक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवून ठेवू द्यावे. तिचे आधी लग्न झालेले असेल तर फिलिपिन्समध्ये मुस्लिमेतरांना सर्वसाधारणपणे घटस्फोटाची तरतूद नाही, म्हणून ते प्रकरण वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : बहिणीने परदेशी माणसाशी तिकडेच लग्न केले. आता वडिलांच्या शेतीतील तिचा हिस्सा संपला, असे समजून सातबाऱ्यावरून तिचे नाव कमी करता येईल का? जावई आमच्या जमिनीवर हक्क सांगतील अशी भीती वाटते. (ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : नाही. परदेशी नागरिकाशी लग्न केल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही आणि वारसाहक्कही जात नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तो स्पष्ट केला आहे. जावयांविषयीची भीती अनाठायी वाटते, कारण परदेशी नागरिकाला किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने स्वतःच्या इच्छेने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. ती येऊ शकत नसेल तर दूतावासात साक्षांकित केलेल्या मुखत्यारपत्राद्वारे ते करता येते. तिला न विचारता फेरफार घेतला, तर ती उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करू शकेल.