पॅरिस ते आम्स्टरडॅम: रेल्वेनं जावं, विमानानं का बसनं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी भुसावळचा, रेल्वेत लोकोवर होतो, आता रिटायर आहे. मुलगी-जावई आम्स्टरडॅमला असतात, एप्रिलमध्ये आम्ही दोघं जाऊ राह्यलो. आधी पॅरिसला उतरायचं, थोडं फिरायचं आणि मग मुलीकडे. जावई म्हणतात रेल्वेनं या, मुलगा पुण्याला आहे तो म्हणतो विमान तासाभरात नेतं, कशाला वेळ घालवता, आणि शेजारच्या पोरानं मोबाइलवर बसचं तिकीट दाखवलं ते सगळ्यात स्वस्त दिसू राह्यलं. सामान म्हणजे दोन मोठ्या बॅगा आणि एक पिशवी, त्यात पापड, बिबडे, काळा मसाला, लोणचं आलंच. काय करावं? आमची मंडळी म्हणते तुम्ही रेल्वेच म्हणणार, तुमचं काही खरं नाही.

उत्तर: काका, काकूंना सांगा की यावेळी रेल्वेवाल्याचंच खरं निघालं. बस स्वस्त आहे खरी, पण सात-आठ तास एका जागी बसून जायचं, तुमच्या वयाच्या गुडघ्यांना आणि दोन मोठ्या बॅगांना ती नकोच.

तुमच्या मुलाचं गणित चुकीचं नाही पण अर्धं आहे. विमान हवेत साधारण सव्वा तास असतं, मान्य. पण शार्ल द गोल विमानतळ पॅरिसपासून पंचवीस किलोमीटरवर, तिथे जायला आरईआर बी नावाची लोकल, तिला पस्तीसेक मिनिटं लागतात आणि तिकीट २०२५ मध्ये माणशी १३ युरो होतं, युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा म्हणजे दोघांचे अडीच हजार विमानतळाच्या दारापर्यंतच गेले. दीड-दोन तास आधी पोचायचं, बॅगा द्यायच्या, बेल्ट काढा, बूट काढा, उतरल्यावर पट्ट्यासमोर बॅगांची वाट बघत उभं राहायचं. आम्स्टरडॅमकडचं बरं आहे, स्किपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, पाव तासात सेंट्रल स्टेशन. तरी सगळं धरून साडेचार तास गेलेच समजा. आणि यातली खरी गंमत म्हणजे विमानतळाची ती लोकल शहरातून बरेच लोक जिथून पकडतात ते स्टेशन गार दू नॉर, आणि आम्स्टरडॅमची गाडी सुटते तीही गार दू नॉरहूनच. म्हणजे विमानाला जायला तुम्ही बॅगा ओढत ज्या स्टेशनात शिरणार तिथेच आम्स्टरडॅमची रेल्वे उभी!

ही गाडी युरोस्टारची, लाल रंगाची, आधी तिचं नाव थालिस होतं, २०२३ मध्ये थालिस आणि युरोस्टार दोन्ही एकाच नावाखाली आले. पॅरिसहून निघाली की ब्रुसेल्स, अँटवर्प, रॉटरडॅम, स्किपोल आणि मग आम्स्टरडॅम सेंट्रल, साधारण तीन तास वीस मिनिटं. वेग ताशी ३०० पर्यंत जातो. अंतर बघा, रस्त्यानं पाचशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे आपलं भुसावळ ते मुंबई आणि वर थोडं. हायस्पीड लाइनचा नेदरलँड्समधला तुकडा २००९ च्या डिसेंबरात या गाड्यांना मिळाला, त्याआधी हाच प्रवास चार तासांच्या वर जायचा.

आता खास तुमच्यासाठी, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मुंबईपासून इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्ट डीसी आणि पुढे आपल्याकडे २५ हजार व्होल्ट एसी, इगतपुरीला इंजिन बदलायचं, हे तुम्ही किती वेळा केलं असेल ते तुम्हालाच माहीत, नंतर दोन्हीवर चालणारी इंजिनं आली आणि मग मुंबईची डीसीच गेली. तर या लाल गाडीला एका फेरीत तीन प्रकारचा करंट लागतो. फ्रान्सच्या हायस्पीड लाइनवर २५ हजार एसी, ब्रुसेल्स भागातल्या जुन्या लाइनवर ३००० डीसी, अँटवर्प सोडून हायस्पीडला लागली की परत २५ हजार, आणि आम्स्टरडॅमजवळच्या जुन्या रुळांवर १५०० डीसी, अगदी आपल्या जुन्या मुंबईसारखं. इंजिन कुठेच बदलत नाही. मधे बिनकरंटचा तुकडा येतो, तिथे पॅन्टो, म्हणजे छतावरचा तारेतून करंट घेणारा सांगाडा, खाली घेतात, गाडी आपल्या वेगानं तशीच पुढे घरंगळते आणि पलीकडे गेल्यावर दुसरा पॅन्टो वर. आतल्या माणसाला कळतही नाही, पण तुमचे कान त्या क्षणी टवकारणार, काकू झोपलेल्या असतील तर उठवू नका.

भाड्याचं मात्र आपल्या रेल्वेसारखं नाही हो. ठरलेलं भाडं, तत्काळ, आरएसी, वेटिंग असलं काही नाही, विमानासारखं जसजशी तारीख जवळ येते तसतसं भाडं चढतं. लवकर काढलं तर पस्तीस-चाळीस युरोला सापडतं, आदल्या आठवड्यात शंभराच्या वर सहज. तेव्हा व्हिसा हातात आला की पहिलं हे तिकीट काढा, आणि रद्द केलं तर किती परत मिळतात ते वाचूनच पैसे भरा. व्हिसा एकच, शेंगेनचा, फ्रान्स-बेल्जियम-नेदरलँड्स तिन्हीला चालतो. गाडीत पासपोर्ट जवळ ठेवा, बॅगेच्या तळाशी नको, मधेच कोणी बघायला मागू शकतं.

सामानाला वजनकाटा नाही, साध्या वर्गातसुद्धा माणशी दोन बॅगा आणि एक हातातली चालते. लोणच्याची बरणी पायाशी ठेवा, कोणी विचारणार नाही. विमानात तीच बरणी हातातल्या पिशवीत निघाली तर पातळ पदार्थांच्या १०० मिलीच्या नियमात गेली, आणि स्वस्त तिकिटात मोठी बॅग धरलेलीच नसते, तिचे वेगळे पैसे. रेल्वेचा तोटा सांगते, हमाल मिळत नाही. बॅग तुम्हीच उचलायची, डब्याच्या टोकाला रॅक असतो तिथे चढवायची, त्यामुळे वीस किलोच्या एका बॅगेपेक्षा बारा-बारा किलोच्या दोन बऱ्या. गार दू नॉरला पाकीटमारांचा सुळसुळाट असतो, प्लॅटफॉर्मचा नंबर गाडीच्या थोडंच आधी लागतो आणि सगळे माना वर करून बोर्डाकडे बघत असतात, नेमकं तेव्हाच काम होतं. काकूंची पर्स पुढे.

तुम्ही न विचारलेलं एक: मुंबईहून निघताना तूप, पेढे, खवा यातलं काही भरू नका, भारतातून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. फळांनाही बहुतेक सगळ्यांना कागदपत्रं लागतात, पण ज्या पाच फळांना सूट आहे त्यात केळी आहे बरं का! बाकी अननस, नारळ, खजूर आणि तो वासाचा दुरियन. आता जळगाव जिल्ह्यातून आम्स्टरडॅमला केळी न्यायची का ते तुम्ही बघा.

मग विमान कधी घ्यायचं? मुंबईहून थेट आम्स्टरडॅमच गाठायचं असेल आणि पॅरिसला फक्त विमान बदलायचं असेल तर. तुमचं तसं नाही. उलट तुम्ही मुंबई-पॅरिस जाताना आणि आम्स्टरडॅम-मुंबई येताना असं एकाच बुकिंगमध्ये मागा, परत पॅरिसला यायची गरजच नाही. एअर फ्रान्स आणि केएलएम एकाच ग्रुपच्या असल्यानं त्यांच्याकडे हे सहज जमतं. आणि ब्रुसेल्सपर्यंत तर रेल्वेपुढे विमानाचा टिकाव लागलाच नाही, पॅरिस-ब्रुसेल्सचं विमान बंद करून एअर फ्रान्सनं २००१ मध्येच आपले प्रवासी रेल्वेत बसवले.

फक्त संपाचं बघून घ्या. फ्रान्स आणि बेल्जियम दोन्हीकडे रेल्वेवाले संपावर जातात, आधी जाहीर करून जातात, त्यामुळे निघायच्या दोन दिवस आधी जावईबापूंना बघायला सांगा. ७४ च्या संपाच्या गोष्टी भुसावळात घरोघरी आहेत, तुम्हाला काय सांगायचं.

प्रश्न: ताई, मी धुळ्याची, सध्या पॅरिसला शिकतेय, डिसेंबरात मैत्रिणीकडे आम्स्टरडॅमला जायचंय, बजेट फार कमी. रात्रीची बस सेफ आहे का आणि आपल्या ट्रॅव्हल्ससारखी स्लीपर मिळते का?

उत्तर: तुझ्यासाठी बसच गं. काकांना नको म्हटलं ते गुडघ्यांमुळे आणि दोन मोठ्या बॅगांमुळे, तुला काय होतंय. फ्लिक्सबससारख्या गाड्या पॅरिसला बेर्सी सेन स्टँडवरून सुटतात, सात-आठ तास धर, रात्री कधी जास्तही. भाडं वीस-तीस युरोत सापडतं, नाताळाच्या आठवड्यात मात्र तेही चढतं, तेव्हा आजच बघ.

स्लीपर विसर. धुळे-पुणे ट्रॅव्हल्सला आपण पडदा ओढून आडवं होतो तसं तिथे नाही, बसूनच जायचं, सीट थोडी मागे जाते एवढंच, मानेची उशी ने. गाडीत टॉयलेट असतं पण भरवसा त्यावर ठेवू नको, स्टँडवर जाऊन घे. सेफ्टीचं म्हणशील तर एक गोष्ट मला फार आवडते, युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, कायदाच आहे, आणि स्टिअरिंगवर किती वेळ होता हे गाडीतलं यंत्र नोंदवतं. आपल्याकडे रात्री दोनला चहाच्या टपरीवर ड्रायव्हर डोळ्यावर पाणी मारतो ते आठवलं की बरं वाटतं. नेदरलँड्सनं ९ डिसेंबर २०२४ पासून हद्दीवर तपासणी परत सुरू केली आणि त्यात बस थांबवणं सोपं असतं, तेव्हा पासपोर्ट आणि तुझं फ्रान्सचं रहिवासी कार्ड दोन्ही खिशात, पोटातल्या डिकीत ठेवलेल्या सॅकमध्ये नाही.

उतरताना बघून ठेव, बस सेंट्रलला जात नाही, आम्स्टरडॅमच्याच स्लोटरडाइक स्टेशनला सोडते. तिथून सेंट्रल रेल्वेनं पाच-सहा मिनिटांवर. पहाटे पोचणारी गाडी घेतलीस तर मैत्रीण स्टेशनवर येणार का घरी झोपलेली असणार ते आधीच ठरवा, डिसेंबरात तिथे साडेआठपर्यंत अंधारच असतो.

प्रश्न: आम्ही चोपड्याचे सहा मित्र, पॅरिस, ब्रुसेल्स, आम्स्टरडॅम करणार. एजंट युरेल पास घ्या म्हणतो. घ्यावा का?

उत्तर: युरेल पास म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत रेल्वेनं फिरायचं एकच तिकीट, तीन शहरांसाठी नको. पास असला तरी युरोस्टारमध्ये सीटचं रिझर्व्हेशन वेगळे पैसे भरून करावंच लागतं, आणि पासवाल्यांसाठी सीटा मोजक्या असतात, सहाजण एकदम मिळणं अवघड. पॅरिस-ब्रुसेल्स लवकर काढा, गाडी दीड तासाच्या आत पोचवते. ब्रुसेल्स-आम्स्टरडॅमला साध्या गाड्या आहेत, जरा हळू जातात पण रिझर्व्हेशन लागत नाही, त्यामुळे ब्रुसेल्सला वॉफल खाण्यात कोणी मागे राहिला तरी पुढच्या गाडीनं येईल. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली असं लांब जाणार असाल तर पासचा हिशोब पुन्हा मांडू, शहरांची यादी तेवढी कळवा.