वाचकांचे प्रश्न : फ्लॉरेन्स प्राइस यांची पत्रं आणि स्वरलिपी

प्रश्न : अमेरिकन संगीत रचनाकार फ्लॉरेन्स प्राइस यांनी बोस्टनच्या वाद्यवृंदाच्या कंडक्टरला (संचालकाला) लिहिलेल्या पत्राचा उल्लेख बरेचदा वाचला. त्यांची कागदपत्रं अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात आहेत म्हणून तिथली सूची पाहिली, पण पत्र मिळालं नाही.

उत्तर : ते तिथे शोधायचं नाही. पाठवलेलं पत्र ज्याला पोचलं त्याच्या दप्तरात राहतं. लिहिणाऱ्याकडे उरतो, झालाच तर, कच्चा खर्डा आणि इतरांकडून आलेला पत्रव्यवहार. ५ जुलै १९४३ चं हे पत्र बोस्टनचे ते कंडक्टर सर्गेई कूसेवित्स्की यांना लिहिलेलं आहे आणि त्यांचा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. सुरुवातीलाच प्राइस आपल्या दोन अडचणी सांगतात : आपण बाई आहोत आणि आपल्या अंगात काळ्या वंशाचं रक्त आहे. मग मागणं एकच, संगीत गुणांवर तपासा. हे वाचताना १९३३ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने त्यांची पहिली सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) वाजवली होती. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाने आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर दहा वर्षांनीही त्यांना असं लिहावं लागत होतं. कूसेवित्स्कींनी त्यांची एकही सिंफनी कार्यक्रमात घेतली नाही.

आर्कान्सात मात्र हस्तलिखितांचा खजिना आहे. २००९ मध्ये शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन गावातल्या त्यांच्या पडक्या उन्हाळी घरात कागदांचे गठ्ठे सापडले. झाड पडून छताला भोक पडलं होतं, पण घराच्या कोरड्या भागातले कागद वाचले. दोन्ही व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) आणि चौथी सिंफनी त्यांतच होती. स्कॅन मागवायचं तर ‘सगळं पाठवा’ असं लिहू नका, त्याने काम अडतं. सूचीतून कृतीचं नाव, पेटी क्रमांक आणि फोल्डर क्रमांक उतरवून घ्या, कशासाठी हवंय ते एका ओळीत सांगा आणि शुल्क आधी विचारा. एकाच कृतीच्या नावाखाली पेन्सिलीचा खर्डा, शाईची स्वच्छ प्रत आणि वादकांचे सुटे पार्ट्स (प्रत्येकाच्या वाद्यापुरती वेगळी प्रत) असं सगळं असू शकतं, त्यामुळे कोणतं हवंय तेही लिहा.

प्रश्न : एकाच रचनेच्या दोन छापील आवृत्त्यांत सूर वेगळे दिसतात. विश्वास कोणावर ठेवायचा?

उत्तर : आधी संपादकाची टिपणं वाचा. ज्या आवृत्तीत कोणत्या हस्तलिखितावरून छापलं हे सांगितलेलं नाही, ती बाजूला ठेवा. हस्तलिखितात घोटाळा बहुतेक वेळा शार्प-फ्लॅटच्या, म्हणजे सूर अर्ध्या पायरीने चढवण्या-उतरवण्याच्या, खुणांचा असतो. खूण त्या बारपुरती (दोन उभ्या रेघांमधल्या ठोक्यांपुरती) आणि त्याच सप्तकात चालते, बार बदलला की संपते. रचनाकार मनात सूर ऐकत भराभर लिहितो आणि पुढच्या बारमध्ये खूण टाकायची राहून जाते. संशयाचा बार दिसला की तीन गोष्टी ताडून पाहा : तोच तुकडा पुढे पुन्हा आला असेल तर तिथे काय आहे, सोबतच्या स्वरसंगतीत कोणता सूर आहे, आणि सुट्या पार्टमध्ये काय लिहिलंय. दुसरी चुकीची जागा पान उलटताना. उजव्या पानाच्या शेवटी सुरू झालेला टाय (एकच सूर लांबवणारी जोडकमान) मागच्या बाजूला लिहायचा राहतो, आणि एकच लांब सूर दोनदा वाजतो. अंदाजाने दुरुस्त केलंत तर खूण कंसात टाका, म्हणजे पुढच्या वादकाला ती तुमची आहे हे कळेल.

प्रश्न : विद्यार्थ्याला पियानोवर कुठून सुरुवात करून द्यावी?

उत्तर : त्यांनी शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या छोट्या तुकड्यांपासून. हात बसल्यावर १९५३ चे ‘डान्सेस इन द केनब्रेक्स’, म्हणजे वेळूच्या बेटांतले तीन नाच. त्यांची ‘फँटसी नेग्र’ क्रमांक १ ही पियानो रचना मोह पाडते, पण ती पक्क्या हाताची आहे. नाचांत उजव्या हाताचा आघात ठोक्याच्या आधी पडतो तिथे मुलं धावतात. आठवडाभर डावा हात एकटा, मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर), निम्म्या लयीत वाजवून घ्या. त्याची लय हलेनाशी झाली की मगच उजवा जोडा.